राहुटीतली जागा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विणेकरी महाराज, दिंडीचालक, चोपदार, टाळकरी, पखवाजवाले, डोक्यावर तुळस आणि हंडा घेऊन वर्षानुवर्षं चाललेल्या माझ्या आयाबहिणी, आणि या दिंडीला शंभर वर्षं भाकरी घालणाऱ्या गावोगावच्या मायबापांनो,

शंभर वर्षांच्या दिंडीपुढं उभं राहून बोलायचं म्हणजे छाती दडपते. कंदिलाच्या उजेडात ज्यांनी मुक्काम टाकले, चिखलातून बैलगाड्या ओढल्या, ती माणसं आज आपल्यात नाहीत. त्यांच्या पुण्याईवर आपण चाललोय. दिंडीचा इतिहास महाराजांनी सांगितलाच आहे, तो मी पुन्हा सांगत नाही. मला चालकांनी सांगितलं, "ताई, तुम्ही बायकांच्या राहुटीचं बघता, तुम्ही बायकांवर बोला." मी आयुष्यभर आरोग्यसेविकेची नोकरी केली आणि रिटायर झाल्यापासून राहुटी सांभाळते. मला या दोनच गोष्टी कळतात. म्हणून आज राहुटीतल्या जागेबद्दलच बोलते.

बायकांच्या राहुटीचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. राहुटी पाण्याच्या टँकरला जवळ आणि पुरुषांच्या तंबूंपासून जरा लांब. दाराशी झोपायचं ते दोन जाणत्या बायकांनी. एकटी आलेली, पहिल्यांदा आलेली, लेकुरवाळी, यांना मधली जागा. रात्री बाहेर जायचं तर एकटीनं नाही, बॅटरी घेऊन दोघीतिघींनी. पहाटे अंघोळीला आधी बायका. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की नव्या बाईला पहिल्या रात्री कुणी काही विचारत नाही. तू कुणाची, नवरा कुठंय, एकटी का आलीस, काही नाही. आधी ताट, मग अंथरूण. चार दिवसांनी चालता चालता तीच बोलायला लागते.

मिरजगावला असो, करमाळ्याला असो की करकंबला असो, आपली बाई पाठ टेकल्याबरोबर झोपते. घरी झोप येत नाही अशा बायका वारीत गाढ झोपतात, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. दमतो म्हणून झोपतो, हे खरंच. पण दाराशी आपली माणसं आहेत, हेही त्याचं कारण आहे.

आता मी विचारते ते नीट ऐका. ही राहुटी आपल्याला वर्षातून थोडे दिवस लागते. जिला बारा महिने लागते तिचं काय?

2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजार माणसं बेघर मोजली गेली. त्यातली 2 लाख 10 हजारांवर आपल्या महाराष्ट्रातली. ही मोजणी फेब्रुवारीच्या शेवटच्या एका रात्रीत झाली. रस्त्यावर, फलाटावर, देवळाच्या ओवरीत जो दिसला तो मोजला गेला. पण माउल्यांनो, बेघर पुरुष दिसतो, बेघर बाई दिसत नाही. पुरुष फुटपाथवर हातपाय पसरून झोपतो. बाई एसटी स्टँडच्या कोपऱ्यात गाठोडं मांडीवर घेऊन बसून रात्र काढते आणि दिवसा उजेडी देवळाच्या पायरीवर झोपते. आपण म्हणतो, "बघा, दिवसा झोपतीय." रात्री तिला झोपायची सोय नसते, हे आपल्या ध्यानात येत नाही. काही बायका मुद्दाम अंगाला घाण लावून घेतात, केसांच्या जटा होऊ देतात, म्हणजे कुणी जवळ येऊ नये. आपण त्यांना वेडी म्हणतो. काहींचं डोकं खरंच फिरलेलं असतं, काहींचं रस्त्यानं फिरवलेलं असतं, आणि काहीजणी पूर्ण शहाण्या असतात.

कुणी म्हणेल, मग सगळ्यांसाठी एक मोठा निवारा बांधा, बायकांचा वेगळा कशाला? तर राहुटी वेगळी कशाला, याचं जे उत्तर तेच याचं. जिथं पुरुष आणि बायका एकाच छपराखाली, तिथं रात्री कोण पिऊन येईल सांगता येत नाही. संडास-न्हाणी एकच असली तर बाई पाणी कमी पिते, मग लघवीचे आजार होतात, हे मी नोकरीत किती पाहिलं. पाळी आहे, लहान मूल आहे, पोट आलेलं आहे, या गोष्टी ती पुरुष वॉचमनला सांगत नाही. आणि जी नवऱ्याच्या मारामुळं घराबाहेर पडली, तिला आत कोण शिरू शकत नाही याची खात्री पाहिजे. दाराशी बाई, रात्रपाळीला बाई, आणि कुणी चौकशी करत आला तर तिला विचारल्याशिवाय पत्ता न देणं. एवढं असेल तरच तिला त्याचा आसरा वाटतो. नाहीतर ती पुन्हा स्टँडवर जाते, आणि आपण म्हणतो की हिला चांगलं नकोच आहे.

हे काही आजचं नवं खूळ नाही. आपल्या संप्रदायात पाहा. जनाबाई गंगाखेडची. लहानपणी दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवरायांच्या घरातलीच झाली. त्या घरानं तिला जागा दिली, म्हणून आपल्याला जनाई मिळाली. आळंदीच्या त्या चार भावंडांना तर आईबापाविना, वाळीत पडलेल्यांना, गावानं जागा नाकारली होती. त्यातली धाकटी आपली मुक्ताई. पुढं त्याच ज्ञानोबांना आपल्या नेवाशानं जागा दिली आणि तिथल्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा तर कीर्तनात आपण सगळ्यांनी डोळे पुसत ऐकलीय. बादशहाची माणसं मागं लागली, तेव्हा तिला साऱ्या मुलखात एकच दार उघडं दिसलं, ते पांडुरंगाचं. कथा ऐकून आपण रडतो. पण तिला देवाच्या पायाशी देह ठेवावा लागला, कारण माणसांच्या वस्तीत तिच्यासाठी एकही सुरक्षित खोली नव्हती, हा त्या कथेतला दुसरा अर्थ आहे. तोही कीर्तनात सांगितला पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुष्कळ वारकऱ्यांना माहीत नसते. पंढरपुरातच, 1875 साली, अशा बायका-मुलांसाठी आश्रम सुरू झाला. त्या काळी लहान वयात विधवा झालेली बाई फसली, दिवस राहिले, की तिला दोनच वाटा असत, विहीर नाहीतर तीर्थक्षेत्र. मूल जन्मलं तर त्याचा जीव जाई. पुण्यात महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये आपल्या घरीच अशा बायकांना गुपचूप बाळंत होण्याची सोय केली होती. पंढरपुरात ते काम प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातल्या गुजराती गृहस्थानं उभं केलं. आज त्याला नवरंगे बालकाश्रम म्हणतात. पुढं 1896 मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. त्याच सुमारास दुष्काळातल्या निराधार बायकापोरींसाठी पंडिता रमाबाईंनी केडगावला आश्रम उभा केला. आपल्या नगरशेजारचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं. प्रत्येकाची वाट वेगळी, धर्ममत वेगळं. पण बाईला आधी दार बंद करता येईल अशी जागा द्या, बाकीचं मग, इथं सगळे एकत्र येतात.

आणि आपला जिल्हा तर अहिल्यादेवींचा. चौंडीला 1725 साली जन्मलेली ही लेक, आज जिल्ह्याला तिचं नाव आहे. तिनं काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. पंढरीत होळकर वाडा तुम्ही पाहिलाय. वाटसरूला छप्पर देणं हे तिच्या मते राज्याचं काम होतं. तिचं नाव लावणाऱ्या जिल्ह्यात बाईनं स्टँडवर रात्र काढावी, हे आपल्याला शोभत नाही.

पण नुसती लाज वाटून घ्यायचं कारण नाही, कारण याच जिल्ह्यात देशानं बघावं असं काम झालंय. नगरहून शिर्डीकडं जाताना शिंगवे नाईक गाव लागतं. तिथं डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे हे डॉक्टर नवरा-बायको. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांनी रस्त्याच्या कडेला उकिरड्यावर घाण खाणारं माणूस पाहिलं. पाहून पुढं गेले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी हातातला डबा दिला. मग रोज घरून डबे करून रस्त्यावरच्या अशा माणसांना नेऊन द्यायला लागले. पण पोटाची सोय झाली तरी रात्रीचं काय, हा प्रश्न राहिलाच, आणि बाईच्या बाबतीत तो फार भयंकर. वडिलांनी जमीन दिली, त्यावर घर उभं राहिलं, आणि ते फक्त बायकांसाठी. मनोरुग्ण, बेवारस, रस्त्यावर टाकलेल्या बायकांसाठी. संस्थेचं नाव माऊली सेवा प्रतिष्ठान.

तिथं येणारी बाई कोणत्या अवस्थेत येते, हे सभेत सांगणं अवघड आहे, पण सांगितलं पाहिजे. जखमांत किडे पडलेले. केसांचा गोळा झालेला. कित्येकींच्या पोटात मूल, आणि बाप कोण, हे तिला सांगता येत नाही. ज्या गावातून ती आली त्या गावातलाच कुणीतरी असतो. आधी अंघोळ, केस कापणं, जखमा धुणं, मग जेवण, मग तपासण्या आणि डोक्याची औषधं. बाळंतपण तिथंच निभावलं जातं, आणि मूल आईपासून तोडत नाहीत. आई आणि लेकरू एकाच आवारात राहतात, पोरं शाळेत जातात. बऱ्या झालेल्या बायका स्वयंपाकाला, दुसऱ्या बायकांच्या देखभालीला हात लावतात. जिला कुणी न्यायला येत नाही तिचं शेवटचं पाणीसुद्धा हे दोघं करतात. आज अशा शेकडो बायका तिथं आहेत.

आपण वारीत एकमेकांना माउली म्हणतो आणि पाया पडतो. नव्या धोतराच्या, स्वच्छ लुगड्याच्या माणसाच्या पाया पडणं सोपं आहे. जिच्याजवळ उभं राहवत नाही, तिला माउली म्हणून तिच्या जखमा धुणं, ही खरी वारी. हे त्यांनी करून दाखवलं.

नगरमध्येच स्नेहालय आहे. 1989 मध्ये गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण मित्रांनी लालबत्ती भागातल्या बायका आणि त्यांची मुलं यांच्यासाठी काम सुरू केलं. आज तिथं अडचणीत सापडलेल्या बायकांना आसरा मिळतो, आणि स्नेहांकुर म्हणून दत्तक केंद्र आहे. पोरीला दिवस गेले म्हणून विहीर जवळ करू नका, दार आहे, हे आपल्या गावागावात माहीत पाहिजे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींचं काम आहे, आपल्या जिल्ह्यातलं नव्हे, रायगडमधलं कर्जत. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून ते देशभर त्यांच्या घरी पोचवतात. 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सांगायचं कारण असं, की औषध मिळालं की बाईला गावाचं नाव आठवतं. मग भावाचं, मग पोरांचं. ज्यांनी मेली समजून दिवस घातलेत, त्यांच्या दारात ती उभी राहते.

आता सरकारी सोयीचं थोडक्यात. मारहाण किंवा संकट असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं. त्यापुढं शक्ती सदन, ज्याला आधी स्वाधार गृह म्हणायचे. महिला हेल्पलाइनचा नंबर 181, पोलिसांचा 112. शहरात लाख वस्तीमागं शंभर माणसांचा निवारा असावा असा दंडक आहे. पण तो शहराला. खेड्यात असा निवारा नाही. खेड्यात देऊळ आहे, शाळेचा व्हरांडा आहे, आणि आपण आहोत.

म्हणून गावात, रस्त्यावर अशी बाई दिसली तर काय करायचं, ते सांगते. पाठ करा.

पहिलं, घोळका करू नका. एक-दोन बायकांनीच जवळ जायचं, बसून बोलायचं. पाणी आणि भाकरी द्यायची. तिच्या गाठोड्याला हात लावायचा नाही, ते तिचं घर आहे.

दुसरं, मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढून सगळीकडं पाठवू नका. घरचे सापडतील न सापडतील, पण ती एकटी आहे हे वाईट माणसांना आधी कळतं.

तिसरं, तिला एसटीत बसवून पुढच्या गावाला पाठवू नका. आपल्याकडं ही फार जुनी रीत आहे. गावानं वर्गणी काढायची, तिकीट काढायचं आणि "गेली एकदाची" म्हणायचं. ती पुढच्या स्टँडवर उतरते, एवढंच.

चौथं, 112 ला फोन करा आणि पोलिस पाटलांना बोलवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 100 आहे. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणं, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला नेणं आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं, हे पोलिसांचं काम आहे. उपकार नाहीत. नम्रपणे सांगा, पण सांगा. आणि गाडीत तिच्याबरोबर गावातली एक बाई जाऊ द्या.

हे झालं रस्त्यावर आलेलीचं. पण बाई एका दिवसात रस्त्यावर येत नाही. ती आधी माजघरातून पडवीत येते, पडवीतून गोठ्यात, आणि गोठ्यातून रस्त्यावर. नवरा गेला की सातबारावर तिचं नाव लागतं का, हे बघा. लेकीकडून हक्कसोड लिहून घेताना दोनदा विचार करा, कारण सासर सुटलं तर तिला माहेरची एक खोली तरी लागेल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी. हे हरिपाठाला जमणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत पाहिजे.

शेवटी आपल्या दिंडीचं. हे जरा कडू आहे, पण शंभराव्या वर्षी खरं बोललं पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मुलानं आईला आपल्या दिंडीत आणून सोडलं. पूर्ण वर्गणी भरली, पाया पडला, "आईला पांडुरंग दाखवा" म्हणाला. पंढरीला पोचलो, एकादशी झाली, बारस सोडली. परतीच्या वेळी मुलाचा फोन बंद. दिलेला पत्ता खोटा. म्हातारी वाळवंटात बसून सांगत होती, "येईल तो, गाडी करून येईल." तिला कळत नव्हतं असं नाही. आमच्यातल्या दोघीजणी मागं थांबल्या, पोलिसांत नोंद केली, आणि तिची एका आश्रमात सोय होईपर्यंत तिला सोडलं नाही. त्या दोघी आज इथं बसल्यात. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही.

आईबापाला असं टाकून देणं हा 2007 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा पुढची गोष्ट. वारीचा उपयोग माणूस टाकायला होतो, ही आपल्या घरातली गोष्ट आहे, आणि ती आपणच थांबवू शकतो.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं चालकांपुढं मी तीन गोष्टी ठेवते. एक, दिंडीत नाव घालताना प्रत्येक म्हाताऱ्या माणसामागं गावातल्या दोघांचे फोन नंबर लिहायचे, आणि ते निघण्याआधी लावून बघायचे. दोन, जाताना जशी मोजणी होते तशीच परतीची मोजणी करायची. आकडा जुळल्याशिवाय सामानाचा ट्रक हलवायचा नाही. तीन, दर वर्षी पंगतीचा उरलेला शिधा आणि प्रत्येक घरटी एक पायली धान्य, बायकांना आसरा देणाऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेला पोचवायचं. पण आधी फोन करून काय लागतंय ते विचारायचं. जुनी फाटकी लुगडी नेऊन फोटो काढायचे नाहीत. तिथं साबण लागतो, औषधं लागतात, पाळीचे पॅड लागतात, म्हातारीचे डायपर लागतात. हे शब्द व्यासपीठावरून उच्चारायला मला लाज वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

यातलं काहीही आपल्याला नवीन नाही. अनोळखी बाईला न विचारता ताट देणं, मधली जागा देणं, दाराशी जागं राहणं, हे आपण शंभर वर्षं करतोय. ते राहुटी गुंडाळताना गुंडाळून ठेवू नका, एवढीच विनंती आहे. तीन गोष्टींवर आज हात वर करून होकार द्या, म्हणजे पुढच्या आषाढीला नावं घालताना मी वही घेऊनच बसते.

रामकृष्ण हरी.